चार बोटं खिडकी

कुठल्याही जागेसाठी हीटर ठरवायला गेलं की दाविदकाका आधी स्टूल मागायचे. निळं, प्लास्टिकचं, चहाच्या टपरीवरचं असलं तरी चालायचं. ते रिकाम्या हॉलच्या मधोमध ठेवून सगळी दारं लावायला सांगायचे. मग खिशातला पुडा काढून एक अगरबत्ती पेटवायचे आणि तिच्या धुराकडे बघत दहा मिनिटं गप्प बसून राहायचे. कारखान्याचे साहेब घड्याळ बघत. मी टेप आणि वही घेऊन भिंतीशी उभी राही आणि आपण यांच्याबरोबर आलेलो नाही असा चेहरा करी.

दहा मिनिटांनी काका उठत आणि निकाल देत. “वारं त्या शटरखालनं येतंय. पर ह्या कोपऱ्यात धूर जागचा हालत न्हाई. हितं चिमनीवालाच लागंल.” साहेबांनी स्वस्तातल्या यंत्राचं नाव काढलं, तर ते अगरबत्तीकडे बोट दाखवत. “मी न्हाई म्हनत. ही म्हनती.”

काका ख्रिस्ती होते. आडनाव पाटोळे, गाव कोल्हारजवळ. दर रविवारी पांढरा शर्ट घालून न चुकता उपासनेला जात. खिशात कायम अगरबत्तीचा पुडा, म्हणून तिथले दोस्त त्यांना डिवचत, “दाविद, कधी बाटला रे?” काकांचं उत्तर ठरलेलं असे. “देवाला न्हाई ओवाळीत. हवेला इचारतो, कुठं चाललीस म्हनून.”

नगरच्या एमआयडीसीत आमची पत्र्याची शेड होती. कारखान्यांना, गोदामांना, बांधकामांना तात्पुरते हीटर भाड्याने द्यायचे, हा धंदा. नगरसारख्या गावात हीटर कोण भाड्याने घेतं, असं माझ्या मैत्रिणी विचारत. पण डिसेंबर-जानेवारीत इथे पहाटे हाडं गोठतात. नव्या फरशीवरचं कोटिंग वाळत नाही, रंग धरत नाही, कोंबड्यांची पिल्लं गारठतात, आणि भंडारदऱ्याच्या रिसॉर्टवर लग्न ठेवणाऱ्यांना उघड्यावर जेवताना ऊब हवी असते. आमच्याकडे तीन प्रकारचे हीटर होते. एक डिझेलवरचा, लांब नळकांड्यासारखा. त्याला सगळे तोफ म्हणत. तोफ स्वस्त आणि जोरदार, पण ऊब आणि डिझेलचा धूर दोन्ही एकाच तोंडातून आत सोडणारी. दुसरा चिमणीवाला, धूर बाहेर टाकून फक्त गरम हवा आत पाठवणारा. तिसरा विजेचा. त्याला भक्कम लाइन लागते आणि नव्या साइटवर ती बहुधा नसते. कुठे कोणता लावायचा, हे ठरवणं आमचं काम. चुकलं तर काय होतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं.

काकांचं शिक्षण आठवीपर्यंतचं. ऊब म्हणजे काय ते तरुणपणी पोल्ट्रीत शिकले. “पिल्लाला इचारावं लागत न्हाई,” ते सांगत. “ते बसतं कुठं तेवढं बघायचं. दिव्याखाली गोळा झाली म्हंजी थंडी वाजतीय. भिंतीला चिकटली म्हंजी उकडतंय. एकाच कोपऱ्यात दडली, तर कुठनं तरी वारं घुसतंय.” माणसांनाही ते तसंच वाचत. मी कामाला लागले त्या आठवड्यात माझं टेबल ऑफिसच्या दाराजवळ ओढून घेतलं होतं. काका चहाचा कप घेऊन बराच वेळ माझ्याकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, “दारापाशी बसलेलं पिल्लू. जाग्यावर ऊब न्हाई, का बाहेर पळायचंय?” मी हसले नाही. खरं होतं म्हणून ते मला लागलं.

माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं. घरी आम्ही मराठीच बोलतो, पण अनोळखी माणसाशी फोनवर बोलायचं म्हटलं की माझा घसा कोरडा पडायचा. समोरचा भराभर बोले, मधेच “आं?” करी, आणि माझं वाक्य तिथेच संपे. म्हणून मी एक फॉर्म तयार केला. गिऱ्हाइकाने तो कॉम्प्युटरवर भरायचा. जागेची लांबी, रुंदी, उंची, किती तापमान हवं, वीज किती मिळेल, आत माणसं असणार का, हो की नाही. मग कॉम्प्युटर आपोआप हीटर सुचवे. आमचे मालक खूश झाले. काकांनी चष्मा लावून, एकेका ओळीवर बोट ठेवत फॉर्म वाचला आणि म्हणाले, “चांगलाय. पर ह्येच्यात एक रकाना खोटा हाय.” कोणता, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

एक गोष्ट मात्र ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत, हीटर कोणताही असो. निघताना खिडकीशी जाऊन ती थोडी ढकलत, फटीत स्वतःची चार बोटं आडवी घालून दाखवत. “येवढी उघडी ठेवा. पाच न्हाई, ऊब जाईल. तीन न्हाई, तुमी जाल.”

त्या जानेवारीत काका दोन दिवस भंडारदऱ्याला एका लग्नाच्या मांडवात हीटर लावायला गेले होते. डोंगरात त्यांचा फोन लागत नव्हता. संगमनेरच्या अलीकडे दुधाच्या पदार्थांचा एक नवा कारखाना उभा राहत होता. त्याच्या पॅकिंग हॉलच्या फरशीला कोटिंग केलं होतं आणि थंडीमुळे ते वाळत नव्हतं. आठवड्याभरात तपासणी होती. त्यांच्या पुण्याच्या ऑफिसातून माझा फॉर्म भरून आला. वीज अपुरी. आत माणसं असणार का: नाही. कॉम्प्युटरने दोन तोफा सुचवल्या. मी जागा बघायला गेले नाही, फोनही केला नाही. ‘कृपया खात्री करावी’ अशा अर्थाचा एक इंग्रजी ईमेल पाठवला, तासाभरात ‘कन्फर्म्ड’ असं उत्तर आलं. संध्याकाळी आमचा ड्रायव्हर अन्वर टेम्पोतून दोन्ही तोफा पोहोचवून आला. सकाळी सहाला त्यांचा इलेक्ट्रिशियन त्या सुरू करणार होता. एक अख्खं काम मी एकटीने, कोणाशी एक शब्द न बोलता उरकलं, याचा मला थोडा अभिमानही वाटला होता.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला काका आले. मफलर अजून गळ्यातच होता. त्यांनी चहा ओतून घेतला आणि नेहमीसारखी डिलिव्हरीची वही उघडली. कप ओठांपर्यंत गेलाच नाही.

“तोफा? बंद हॉलात?”

मी म्हटलं, आत कोणी नाही, फॉर्मवर तसं लिहिलंय.

“तू कुनाशी बोललीस?”

मी ईमेलचं सांगितलं. काकांनी कप खाली ठेवला आणि जीपची किल्ली उचलली. त्यांचा आवाज चढला नव्हता. “चल,” ते म्हणाले. “आन फोन लावीत ऱ्हा.”

त्यांच्या फोनची बॅटरी दोन दिवसांत संपली होती, त्यामुळे सगळे फोन माझ्याच मोबाईलवरून करायचे होते. पुण्याच्या ऑफिसातली बाई म्हणाली, साइटवरचे साहेब आज उशिरा येतील, मी त्यांना मेल टाकते. मी ‘थँक यू’ म्हणून फोन ठेवला. रस्त्यावरची नजर न काढता काकांनी विचारलं, “थँक्यू कशाचं?”

साइट इंजिनिअरचा फोन नुसता वाजत राहिला. तीनदा, चारदा. राहुरीच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांमागे आम्ही अडकलो. काका हॉर्न वाजवत होते आणि ट्रॉलीवरचा उसाचा ढीग आमच्या तोंडापुढे डुलत होता. मी अन्वरला फोन केला. रात्री उशिरा परतून तो झोपला होता. त्याच्या बायकोने त्याला हलवून उठवलं. नशिबाने त्याने काल तिथल्या वॉचमनबरोबर चहा घेतला होता आणि नंबरही घेऊन ठेवला होता. म्हातारा आहे, सोपानमामा म्हणतात, एवढं त्याने सांगितलं.

सोपानमामांनी पहिल्याच रिंगला फोन उचलला. मी विचारलं, हॉलमध्ये आत कोणी आहे का?

“न्हाई, कोनी न्हाई,” ते म्हणाले.

मी सुटले. काकांना तसं सांगितलंही. काका म्हणाले, “बाया हायेत का इचार.”

मी विचारलं.

“बाया हायेत की,” मामा म्हणाले. “सफाईच्या. आठला आल्यात. भाईर गारठा लई, म्हनून तोफंपाशी बसून भाकरी खात्यात. एकीचं डोकं दुखतंय, ती आडवी झालीय.”

मी फोन काकांपुढे धरला. त्यांनी तो घेतला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवले. “तूच बोल. जोरात.”

मी म्हटलं, तोफा बंद करा. मामा म्हणाले, साहेबांना विचारल्याबिगर मशीनला हात लावायचा नाही, तशी ताकीद आहे. मी म्हटलं, मग दारं तरी उघडा. ते म्हणाले, धूळ जाऊ नये म्हणून दारांना प्लास्टिक लावलंय, ते फाडलं तर नोकरी जाईल. मागे कुठेतरी तोफेची घरघर ऐकू येत होती. मग त्यांनी विचारलं, “पर मॅडम, तुमी कोन?”

या प्रश्नापाशी माझं बोलणं नेहमी थांबायचं. मी कोण आहे आणि माझं कोणी का ऐकावं, याचं उत्तर माझ्याकडे कधीच नव्हतं. तेव्हाही नव्हतं.

“मामा, मी कोण ते मागाहून विचारा,” मी म्हणाले. “त्या धुरात विष आहे, त्याला वास नाही. झोप येते आणि माणूस उठत नाही. प्लास्टिक फाडा. आधी बायांना बाहेर काढा. नोकरीचं आम्ही बघू.”

पलीकडून आवाज आला नाही. आमची जीप कोल्हारच्या पुलावर होती. मी हॅलो, हॅलो करत राहिले. फोन कट झाला होता. परत लावला तर संपर्कक्षेत्राच्या बाहेर.

तिथून पुढचा तासभराचा रस्ता मला आठवतो तो फक्त काकांच्या हातांवरून. बोटांची पेरं पांढरी पडली होती. कोल्हार त्यांचं गाव, तिथून जाताना ते नेहमी गाडी हळू करून कोणाला तरी हात करत. त्या दिवशी त्यांनी डावी-उजवीकडे पाहिलंच नाही. मी पाच-पाच मिनिटांनी नंबर लावत होते आणि फोनमधली रेकॉर्ड केलेली बाई तेच वाक्य बोलत होती. काका फक्त एकदा बोलले, तेही स्वतःशीच. “आठ ते अकरा. तीन तास.”

कारखान्याच्या आवारात शिरलो तेव्हा उन्हात बाया बसलेल्या दिसल्या. काही जणींनी गुडघ्यांत डोकं घातलं होतं, एक भिंतीशी वाकून ओकत होती. हॉलच्या दाराला प्लास्टिकच्या चिंध्या फडफडत होत्या. जीप थांबायच्या आधीच काकांनी मोजलं होतं. “नऊ. मामा, किती हुत्या?”

“धा,” सोपानमामा म्हणाले.

मी जीपमधून उतरून हॉलच्या दाराकडे निघाले.

दहाव्या बाईला कारखान्याच्या गाडीतून दवाखान्यात नेलं होतं. डोळे उघडत होती, पण कोणाला ओळखत नव्हती. मामा सांगू लागले. “बाया ऐकत न्हवत्या हो. ऊब सोडून कोन उठतं? मग प्लास्टिक फाडलं आन साप, साप करून वरडलो. समद्या पळत आल्या. ती येकटी न्हाई उठली. मग वढून काढली.”

आत तोफा अजून गर्जत होत्या. त्यांना हात लावायचं धाडस अजून कोणाचं झालं नव्हतं. काकांनी मला दारापासून लांब उभं केलं, तोंडाला मफलर गुंडाळला, छाती भरून श्वास घेतला आणि आत गेले. दोन्ही आवाज एकामागून एक बंद पडले. बाहेर येऊन त्यांनी उरलेल्या बायांना जीपमध्ये बसायला सांगितलं. त्यांना उलटी आणि डोकेदुखी रंगाच्या वासाची वाटत होती. आता बरं वाटतंय, ठेकेदार खाडा लावील, असं म्हणत त्या उठेनात. काका म्हणाले, “खाडा लागू द्या. जिती असाल तरच खाडा लागतो.” दोन खेपांत सगळ्या दवाखान्यात पोहोचल्या.

दुपारी साइटचे साहेब आले. त्यांनी आधी फरशी बघितली. तोफेच्या धुराने कोटिंगवर पांढरट, चिकट थर धरला होता. सगळं खरवडून पुन्हा करावं लागणार होतं. हे सिलेक्शन कोणी केलं, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं. मी तोंड उघडलं, पण काका पुढे झाले. “हीटर आमचा, निवड आमची. फरशीचं बी आमी बघू. पर आत मानूस न्हाई असं कागदावर कुनी लिव्हलं, त्येला एकडाव दवाखान्यात आनून धा जनी दाखवा. आन ह्या म्हाताऱ्याच्या नोकरीला हात लावायचा न्हाई.”

दहाव्या बाईला ऑक्सिजन लावला होता. पलंगाशी काका स्टुलावर बसले होते, रिकाम्या हॉलमध्ये बसत तसेच. फरक इतकाच की हातात अगरबत्ती नव्हती आणि नजर तिच्या ऑक्सिजनच्या मास्कवर जमणाऱ्या वाफेवर होती. वाफ जमत होती, जात होती. चारच्या सुमाराला तिने डोळे उघडले, आमच्याकडे परक्यासारखं पाहिलं, आणि पहिली काळजी व्यक्त केली ती डब्याची. भाकरीचा डबा आतच राहिला होता. काका तडक उठले, कारखान्यात जाऊन डबा घेऊन आले आणि तिच्या उशाशी ठेवला.

परतीच्या वाटेवर मी वाट बघत होते, की काका म्हणतील, जाऊ दे, होतं असं. ते तसं म्हणाले नाहीत. “तिथं आमची म्हनलो. हितं सांगतो, चूक तुझी हाय.” मी खाली मान घालून हो म्हटलं. कोल्हारचा पूल ओलांडल्यावर त्यांनी जीप कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

“मी इशीचा हुतो तवाची गोष्ट,” ते म्हणाले. “पोल्ट्रीत राखनीला. शेडात कोळशाच्या शेगड्या. मालकाचा नेम, पिल्लांपाशी मानसानं थांबायचं न्हाई. पर भाईर बसवंना म्हनून मी आत जाऊन बसलो. कवा डोळा लागला कळलं न्हाई. खाद्याची गाडी घिऊन आलेल्या मानसानं माझे पाय धरून वढलं म्हनून हाय. मालकाच्या वहीत मी आत न्हवतोच.” त्यांनी गळ्यातला मफलर सोडला. “ऊब आली की मानूस येतंच, पोरी. आन कागदावर कोनी न्हाई म्हनलं, की समजायचं तिथं आपल्यावानी कोनीतरी हाय.”

मग किल्ली फिरवता फिरवता, माझ्याकडे न बघता म्हणाले, “रकाना खोटा हाय म्हनलो हुतो. कोंचा, ते सांगाया पायजे हुतं. तू इचारलं न्हाईस, मी सांगितलं न्हाई. तेवढी माझी.”

दुसऱ्या दिवशी मी फॉर्ममधला तो रकाना काढून टाकला. ‘आत माणसं असणार का’ याच्या जागी लिहिलं: ‘बाहेर थंडी वाजली, तर आत कोण येऊन बसेल?’ त्यापुढे हो-नाहीच्या चौकटी ठेवल्या नाहीत, चार रिकाम्या ओळी ठेवल्या. त्या ओळी गिऱ्हाइकाने भरायच्या नाहीत, आपण भरायच्या. त्यासाठी साइटवरच्या वॉचमनला, झाडूवाल्या मावशीला, कोणाला तरी फोन करून बोलावं लागतं. ते फोन मी करू लागले. घसा कोरडा पडायचा तो पडतोच. पाण्याची बाटली जवळ ठेवते. एकदा सुप्याच्या एका गोदामात काकांनी स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि स्वतः भिंतीशी जाऊन उभे राहिले. मी अगरबत्ती पेटवली. साहेब घड्याळ बघत होते. मी दहा मिनिटं पुरी बसले.

दोन वर्षांनी, जानेवारीतच, काका गेले. हृदयविकाराचा झटका, घरीच. मी कोल्हारला पोहोचले तेव्हा त्यांची पेटी पुढच्या खोलीत ठेवली होती, उशाशी दोन मेणबत्त्या लावल्या होत्या आणि प्रार्थना चालू होती. खोली माणसांनी भरली होती. म्हातारी माणसं गारठू नयेत म्हणून कोणीतरी कोळशाची शेगडी आत आणून ठेवली होती आणि खिडकी घट्ट लावून घेतली होती. मी दाराशी, चपलांजवळ बसले.

डोळे पुसून मी पेटीकडे बघायचा प्रयत्न केला, आणि नजर मेणबत्त्यांवर गेली. दोन्ही ज्योती सरळ उभ्या होत्या, चित्रातल्यासारख्या. जागच्या हलत नव्हत्या. मी माणसं मोजली. पंचवीसच्या वर होती, आणि शेगडीच्या सगळ्यात जवळ तीन म्हाताऱ्या पेंगत होत्या.

मी उठले. लोकांच्या पायांतून वाट काढत खिडकीपर्यंत गेले. प्रार्थना म्हणणाऱ्यांचा आवाज अडखळला. कडी घट्ट होती, दोन्ही हातांनी ओढावी लागली. फटीत मी चार बोटं आडवी घालून पाहिली.

“थंडी येतीय की,” एक म्हातारे म्हणाले. “लाव ती.”

मी म्हटलं, खिडकी उघडीच राहील, आणि शेगडी बाहेर न्यावी लागेल, आत्ताच. माझा आवाज त्या खोलीत फार मोठा वाटला. मागून कोणीतरी विचारलं, ही कोण? काकू पेटीशी बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“त्यांच्या कामावरची हाय,” त्या म्हणाल्या. “ती म्हनती तसं करा.”

दोघांनी शेगडी उचलून अंगणात नेली. तिच्यामागे त्या तिघी म्हाताऱ्या गेल्या, मग आणखी काही जण, आणि अंगणात तिच्याभोवती कोंडाळं करून बसले. दाराजवळची माझी जागा तोवर कोणीतरी घेतली होती. मी मधे, काकूंशेजारी जाऊन बसले.